राजाच्या मापाचं डोकं

सारोळ्याच्या पुलाच्या अलीकडं, हायवेला लागून नीरामाई कॉटन मिल आहे. तिथल्या लूम शेडमध्ये भोंगवलीचा सावळाराम मिसरूड फुटल्यापासून कामाला आहे. मिलमध्ये सुती मलमल विणतात. ती रंगायला जाते, पेठेत जाते आणि लगीनसराईत बरीचशी लोकांच्या डोक्यावर जाते. तिचा हा शेवटचा मुक्काम सावळारामला फार महत्त्वाचा वाटे, कारण तिथंही तोच असे. फेटा बांधावा तर सावळारामनं, असं पंचक्रोशीत म्हणत. तो स्वतः असं कधी म्हणत नसे, दुसरं कुणी म्हणेपर्यंत थांबून राही.

त्यानं नवरदेवांना फेटे बांधले, व्याह्यांना बांधले, जत्रेतल्या मानकऱ्यांना बांधले. एकदा शर्यतीत पहिला आलेला बैल आणि बक्षीस द्यायला आलेला पुढारी, या दोघांना एकाच मांडवात बांधले. बैल गप उभा राहिला, असं तो अजून सांगतो. माणूस समोर आला की तो आधी डोकं बघे, मग तोंड. नावं त्याच्या लक्षात राहत नसत, डोकी राहत. "त्यो न्हाई का, मागून चपटा," असं तो ग्रामसेवकाबद्दल बोले आणि त्याच्या बायकोला, ठकुबाईला, ते बरोबर कळे.

त्याची इच्छा एकच राहिली होती. एखाद्या खऱ्या राजाच्या डोक्यावर आपल्या हातचा फेटा बसावा. भोरचं संस्थान विलीन झालं तेव्हा सावळारामचा जन्म व्हायचा होता. त्यामुळे संधी थोडक्यात हुकली, असं तो धरून चालला होता.

आणि यंदा दिवाळीच्या तोंडावर मिलमध्ये बातमी आली की राजा येणार. युरोपातल्या कुठल्याशा लहान देशाचा. त्या देशाचं नाव मिलमध्ये कुणालाच शेवटपर्यंत धड घेता आलं नाही. मॅनेजर इंद्रजित साहेबांनाही नाही, आणि ते तर दिवसातून दहादा घेत होते. त्या देशातली दुकानं नीरामाईची मलमल घेतात, राजेसाहेबांना सुताची हौस आहे आणि दिवाळी झाली की ते पुण्यापर्यंत येणारच आहेत, तर एक चक्कर इकडे, असा बेत होता. मग लूम शेडला रंग लागला. संडासांना नवी दारं आली. सत्काराला शाल, श्रीफळ आणि फेटा ठरला. फेटा कुणी बांधायचा हे ठरवण्यासाठी मीटिंग घ्यावी लागली नाही.

सावळाराम हवेत होता. भाकरी मोडतानाही त्याची बोटं चुण्या घालत. ठकुबाई म्हणायची, "आवं, ती भाकर हाय, खावा." अशात एचआरच्या शिवानी मॅडमनी त्याला केबिनमध्ये बोलावलं.

"काका, एक अडचण आहे," त्या म्हणाल्या. "राजेसाहेबांच्या डोक्याला कुणी हात लावायचा नाही, असा त्यांचा नियम आहे. फेटा आधी तयार करून तबकात ठेवायचा. ते स्वतः घालतील. डोक्याचं माप पाठवलंय त्यांनी."

"फेटा डोक्यावर बांदत्यात मॅडम," सावळाराम म्हणाला. "डोकं फेट्यात घालत न्हाईत. टोपी न्हाई ती."

"कळतंय मला. पण राजे आहेत."

हा मुद्दा बिनतोड होता. मॅडमनी मोजपट्टीचा त्या मापाएवढा वेढा करून टेबलावर ठेवला, म्हणजे काकांना अंदाज यावा. काकांना अंदाज आला. घेर चांगलाच मोठा होता. एवढं डोकं त्यानं आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि ते त्या घडीला त्याच शेडमध्ये, त्याच्या लूमपासून चार लूम सोडून कामाला उभं होतं.

ते डोकं धनाजीचं. धनाजी म्हणजे ठकुबाईचा धाकटा भाऊ, सारोळ्याचा. सावळाराम त्याचा दाजी. एकाच मिलमध्ये, एकाच शिफ्टला असून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. हे इतरांच्या लक्षात यायलाही फार वेळ लागला. लूम शेडमध्ये आवाज इतका असतो की ज्यांचं बरं आहे तीही माणसं बोलत नाहीत, हातानं खुणा करतात. धागा तुटला की बोटं तोडून दाखवायची, चहा आला की अंगठा ओठाला लावायचा. हे दोघं एकमेकांना खुणाही करत नाहीत, हे पहिल्यांदा चहावाल्याला कळलं.

भांडणाचं मूळ सावळारामच्या मुलीच्या, माधुरीच्या लग्नात होतं. धनाजी माधुरीचा मामा. मुलीला मांडवात आणायचा मान मामाचा, आणि मामाच्या डोक्याला मानाचा फेटा लागतो. सावळारामनं त्यासाठी वेगळं कापड आणलं होतं, केशरी, जरीच्या काठाचं. पण वऱ्हाड आलं आणि एकामागून एक डोकी पुढं होऊ लागली. नवऱ्याचे चुलते, चुलत्यांचे साडू, साडूंचे मित्र. धनाजी दोनदा येऊन उभा राहिला. सावळारामनं दोन्ही वेळा त्याला हातानं थांबवलं. पाहुण्यांचं आधी उरकू, तू घरचाच, तुझा शेवटी निवांत बांधतो, असं त्याच्या मनात होतं. सगळ्यात चांगला फेटा त्याला घाईत बांधायचा नव्हता. हे त्यानं बोलून दाखवलं नाही, कारण तोंडात टाचण्या होत्या.

तेवढ्यात भटजींनी माईकवरून मुलीच्या मामांना हाक मारली. मुहूर्त काही सावळारामच्या बोटांसाठी थांबणार नव्हता. मांडवभर फेटे दिसत होते, नवऱ्याकडच्या बँडवाल्यालासुद्धा होता, आणि मुलीचा मामा बोडक्या डोक्यानं मुलीला घेऊन आला. अक्षता पडल्या. धनाजीनं माधुरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि मांडवाच्या मागच्या बाजूनं निघून गेला. जेवला नाही. केशरी कापड सावळारामच्या पिशवीतच राहिलं.

तेव्हापासून भाऊबीजेला सारोळ्याहून कुणाच्या तरी हाती ओवाळणी यायची, भाऊ यायचा नाही. ठकुबाई पाट मांडायची, वाट बघायची आणि शेवटी अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका असं करतात. हिला होता, आणि चार किलोमीटरवर होता. सावळारामला हे दिसत नव्हतं असं नाही. त्याला फार लागायचं ते. पण दाजी माणसानं आपण होऊन मेहुण्याच्या दारात जायचं, हे त्याच्या डोक्यात बसत नव्हतं, आणि डोक्यात काय बसतं काय नाही, यात त्याचा हात कुणी धरला नसता.

तर राजाचं माप बघून सावळाराम मोजपट्टीकडंच बघत राहिला. शिवानी मॅडमना वाटलं, काका विचार करतायत. त्यांनी विचारलं, "मडक्यावर बांधून बघता का?" त्यानं मडक्यावर बांधून बघितला. मडक्याला कपाळ नसतं, त्यामुळे फेटा फिरत राहिला. मग मॅडमनी गेटवर उभं राहून मिलमधली डोकी मोजायला घेतली. लोकांनी आपापले अंदाज बांधले. कुणी म्हणालं हेल्मेट देणार आहेत, कुणी म्हणालं जनगणना आहे. सावळाराम बाजूला उभा राहून प्रत्येक डोक्याकडं आशेनं बघत होता. देवाच्या मनात असेल तर आणखी एक निघेल, असं त्याला वाटत होतं. देवानं तो साचा एकदाच वापरला होता. शेवटी धनाजी गेटवर आला, पट्टी त्याच्या डोक्याभोवती गेली आणि मॅडम हरखून म्हणाल्या, "काका, मिळालं."

"व्हय का," सावळाराम म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नमुन्याचा फेटा बांधायचं ठरलं. धनाजीला कामावरून उठवून केबिनमध्ये आणून स्टुलावर बसवलं. साहेबांचा हुकूम होता, तो आला. केबिनमध्ये पंख्याशिवाय आवाज नव्हता, त्यामुळे दोघांचा अबोला पहिल्यांदाच उघड्यावर आला. मिलनं राजासाठी दुधी रंगाची खास मलमल विणली होती. सावळारामनं तिच्या चुण्या घातल्या, शेमला पाठीवर सोडला आणि वेढे घ्यायला लागला. बांधताना समोरच्याला काही सांगावंच लागतं. तो म्हणाला, "मान वर." इतक्या वर्षांनी बोललेला हा पहिला शब्द. धनाजीनं मान वर केली.

डोकं असं होतं की फेटा आपोआप बसत गेला. एकही वेढा सरकला नाही. तुरा उभा करून सावळाराम मागं सरला आणि आपलंच काम बघत राहिला. शिवानी मॅडम म्हणाल्या, "अप्रतिम. आता हळूच उचलून तबकात ठेवा." त्यानं दोन्ही हातांनी फेटा उचलला, तबकात ठेवला. त्याचं सगळं लक्ष तुऱ्याकडं होतं. बोडकं डोकं त्याला नंतर दिसलं.

धनाजी स्टुलावरून उठला. आवाज न चढवता म्हणाला, "दाजी, लग्नात तुमी बांदला न्हाई. त्ये म्या पोटात घातलं आसतं. आज बांदला, आन काढला. आसं तर कुणी वैऱ्याला करत न्हाई." आणि लूमवर निघून गेला.

शिवानी मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी फेट्याचे फोटो काढले आणि सांगितलं की ठेवलेला फेटा ढिला पडतो, तर राजे यायच्या दिवशी सकाळी पुन्हा ताजा बांधू, धनाजी काकांनाच बसवून. साहेबांनी खबरदारी म्हणून पुण्याहून एक तयार फेटा आणून ठेवलाय, मागं इलॅस्टिक असलेला, पण तो काही लागणार नाही. सावळाराम मान हलवत राहिला.

घरी येऊन त्यानं ठकुबाईला सगळं सांगितलं. मापाचंही सांगितलं आणि काढल्याचंही. ठकुबाई शेंगा फोडत होती. ती बराच वेळ फोडतच राहिली.

"परवाच चंद्राला ओवाळलंय म्या," ती म्हणाली.

"मग काय करू? राजाचा फेटा हाय त्यो. मला काय सारका सारका राजा गावनार हाय?"

"न्हाई गावनार," ती म्हणाली. "पर राजा कुटं रुसलाय तुमच्यावर? ज्यो रुसलाय त्याचं बगा." आणि टरफलं सुपात घेऊन उठून गेली.

सावळारामला तिचा राग आला. आयुष्यभर एक गोष्ट मागितली, ती दारात आली, आणि घरच्या बाईला त्याचं काही नाही. राग त्यानं दोन दिवस सांभाळला. तिसऱ्या दिवशी तो आतल्या खोलीत जाऊन ट्रंक उघडून बसला. तळाशी, डांबरगोळ्यांच्या वासात, केशरी कापड होतं. घडीवर पिवळट रेघ आली होती, जर तशीच होती. त्यानं ते बाहेर काढून पिशवीत घातलं आणि ठकुबाईला काही सांगितलं नाही. पिशवी खुंटीवर होती, तिला दिसली होती.

राजा यायचा दिवस उजाडला. गेटपासून शेडपर्यंत रांगोळी, रांगोळीच्या कडेनं पोलीस, पोलिसांच्या मागं सारोळ्याचे लोक. केबिनमध्ये टेबलावर दुधी मलमल इस्त्री करून ठेवली होती. धनाजी स्टुलावर येऊन बसला आणि भिंतीवरच्या आग विझवायच्या नळकांड्याकडं बघत राहिला. सावळारामनं पिशवीतून केशरी कापड काढलं. डांबरगोळ्यांचा वास केबिनभर पसरला.

धनाजीनं मान वळवली. "ह्यो कंचा?"

"तुजा," सावळाराम म्हणाला. "माधुरीच्या लग्नातला. पिशवीतच ऱ्हायला."

धनाजीनं मान सरळ केली. सावळारामनं चुण्या घालायला सुरुवात केली, आणि लग्नाच्या दिवशी जसा बांधायचं त्याच्या मनात होतं तसा, निवांत, बांधायला लागला. एक वेढा मनासारखा बसेना, तो सोडून पुन्हा घेतला. बाहेर शिट्ट्या वाजत होत्या. कुणीतरी सांगून गेलं की गाड्या खेड शिवापूरचा टोलनाका ओलांडून आल्या. सावळारामनं जरीचा काठ कपाळावर नीट आणला.

शिवानी मॅडम आत आल्या आणि दारातच थबकल्या. "काका, हे कापड आपलं नाही. आपलं दुधी आहे."

"ह्यो राजाचा न्हाई," सावळाराम म्हणाला.

"मग राजेसाहेबांचा?"

"मागून."

मॅडमनी घड्याळ बघितलं. त्या बिचाऱ्या आठवडाभर नीट झोपल्या नव्हत्या. "ठीक आहे. मग हा काढा पटकन आणि तो घ्या. अजून होईल."

"ह्यो काढत न्हाई म्या."

"काका, या मापाचं दुसरं डोकं नाही आपल्याकडे. तुम्ही बघितलंय."

"म्हाईत हाय," सावळाराम म्हणाला. "यकदा काढला मॅडम. चुकलं माजं. पुन्ना न्हाई."

दुधी मलमल टेबलावर पडली होती, तिच्याकडं सावळारामनं एकदा बघितलं. आपण काय सोडतोय हे त्याला पुरतं कळत होतं. राजा पुन्हा येणार नव्हता. आलाच तर आपले हात तेव्हा असे चालतील याचा भरवसा नव्हता.

हे स्टुलावरच्या माणसालाही कळलं असावं. धनाजी खाली बघत म्हणाला, "काढा दाजी. राजा हाय. माजं काय न्हाई."

"हलू नगंस," सावळाराम म्हणाला. "तुरा हालतोय."

मग पुण्याचा फेटा तबकात गेला. राजे आले. उंच, तांबूस, हसरे गृहस्थ होते. त्यांनी शाल घेतली, नारळ कानाशी हलवून बघितला, तबकातला फेटा स्वतःच्या हातानं घातला. तो त्यांच्या डोक्याला पुरेना. इलॅस्टिक ताणून त्यांनी तो कसाबसा बसवला आणि नंतर सबंध मिल एक हात डोक्याला लावून बघितली. फोटोत ते फार विचारात असल्यासारखे दिसतात.

लूम शेडमध्ये सगळे लूम चालू ठेवले होते. राजे धनाजीच्या लूमपाशी आले आणि कापडाऐवजी त्याच्या डोक्याकडं बघत उभे राहिले. काही तरी विचारलं. इंद्रजित साहेब कान पुढं करून वाकले, काही ऐकू आलं नाही. धनाजीला ऐकायची गरज नव्हती. त्यानं बोट डोक्याभोवती गोल फिरवलं आणि चार लूम पलीकडं उभ्या असलेल्या सावळारामकडं दाखवलं. राजांनी तिकडं बघितलं. आपल्या डोक्यावरचा फेटा दोन बोटांनी धरून हलवला, मान नाही म्हणून हलवली, मग धनाजीच्या फेट्याकडं हात करून होय म्हणून हलवली. परदेशी माणसाला शेडची भाषा एवढ्या लवकर आली याचं सगळ्यांना कौतुक वाटलं. सावळारामनंही मान हलवली आणि तुटलेला धागा जोडायला वाकला. तो बराच वेळ वाकून राहिला.

संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर तो गाडी काढत होता तेव्हा धनाजी मागं येऊन बसला. कुठं जायचं हे कुणी विचारलं नाही. भोंगवलीपर्यंत केशरी शेमला वाऱ्यावर उडत होता. वाटेत दोघातिघांनी गाडी थांबवून विचारलं, लग्न कुणाचं. धनाजी म्हणाला, माधुरीचं. माधुरीची पोरगी शाळेत जाते हे ठाऊक असलेले लोक जरा घोटाळले.

ठकुबाई दारात उभी होती. तिनं आधी भावाचं डोकं बघितलं, मग तोंड. नवऱ्याबरोबर राहून तिलाही ती सवय लागली होती. आत जाऊन भाकरतुकडा आणला, त्याच्यावरून ओवाळून टाकला, पायावर पाणी घातलं. डोळे पुसले ते पदराच्या त्याच टोकानं, ज्याला पीठ लागलं होतं.

"राजानं घातला का तुमचा फेटा?" तिनं नवऱ्याला विचारलं.

"न्हाई," सावळाराम म्हणाला.

तिनं पाट मांडला. धनाजी पाटावर बसला. घरात उकडत होतं, त्याच्या कानामागून घामाची धार लागली होती. ठकुबाई म्हणाली, काढून ठेव की आता. तो म्हणाला, आसू दे, आन वाढ, लग्नातलं जेवायचं ऱ्हायलंय. ठकुबाईनं पहिलं ताट त्याच्यापुढं ठेवलं. सावळारामचं मागून आलं, आणि तो तोवर गप बसून राहिला.